आधी बनियन वर करा: धाप लागणाऱ्या मुलाला सांभाळताना

माझा लेक दोन वर्षांचा होता तेव्हा मी त्याचा खोकला मोजायचे. रात्री किती वेळा खोकला, किती वाजता उबळ आली, उलटी झाली का, सगळं वहीत. हिशेब लिहिणं हाच माझा धंदा, त्यामुळे हात आपोआप वहीकडे जातो. पहिल्याच तपासणीला ती वही मी मोठ्या अभिमानाने पुढे केली. डॉक्टरीणबाईंनी एक पान चाळलं, वही बाजूला ठेवली आणि पोराचा बनियन वर केला. "इथे बघा," म्हणाल्या. प्रत्येक श्वासाला बरगड्यांखालची कातडी आत ओढली जात होती, खळगा पडत होता, पोट उलट बाहेर उडत होतं. मांडीवर घेऊन बसलेल्या मला ते दोन दिवस दिसलं नव्हतं, कारण मी कान लावून बसले होते.

आता तो अकरा वर्षांचा आहे, बालदमा आहे, आणि संध्याकाळी तासभर फुटबॉल खेळतो. मी डॉक्टर नाही. औषध कुठलं आणि किती, हे तुमच्या डॉक्टरांनी लिहून दिलेलंच खरं. मी सांगणार आहे ते बघण्याचं, मोजण्याचं आणि हाताला लावून घ्यायच्या सवयींचं. दवाखान्यात याला वेळ मिळत नाही आणि घरी मात्र रोज हेच लागतं.

श्वास मोजायचा कसा

पोर झोपलेलं किंवा शांत असताना मोजायचा. रडताना, दूध पिताना, धावून आल्यावर मोजलेला आकडा फुकट. बनियन वर, पोट आणि छाती दोन्ही दिसतील एवढा उजेड (डोळ्यांवर नको, जागं होतं), आणि सेकंदकाटा असलेलं घड्याळ. पोट एकदा वर येऊन खाली गेलं की एक. पूर्ण साठ सेकंद मोजा. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणायचा मोह होतो, पण लहान मुलांचा श्वास एकसारखा चालत नाही. मधेच भरभर घेतात, मधेच थबकतात, आणि गुणाकारात चूकही चौपट होते.

जागतिक आरोग्य संघटनेने लहान मुलांसाठी ठरवलेल्या मर्यादा मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवल्या आहेत. बाळ दोन महिन्यांच्या आतलं असेल तर मिनिटाला ६० किंवा जास्त, २ ते ११ महिन्यांचं असेल तर ५० किंवा जास्त, १ ते ५ वर्षांचं असेल तर ४० किंवा जास्त श्वास म्हणजे जलद. पाच वर्षांपुढे शांत बसलेल्या मुलाचा श्वास ३० च्या वर गेला की मी सावध होते. तापात श्वास तसाही वाढतो, म्हणून ताप उतरल्यावर पुन्हा मोजायचा. पण त्यासोबत छाती ओढत असेल तर ताप उतरायची वाट बघत बसू नका.

या आकड्यांपेक्षाही उपयोगी पडतो तो तुमच्या पोराचा स्वतःचा आकडा. सगळं ठीक असताना, तीनचार रात्री, गाढ झोपेत मोजून ठेवा. माझा चार वर्षांचा असताना २४ होता. एका रात्री दोनला मी पाणी प्यायला उठले. तो खोकत नव्हता, कुरकुरत नव्हता, पांघरूण मात्र भरभर हलत होतं. मोजले, ४६. पुन्हा मोजले, ४८. गळ्याच्या खालची खळगी, दोन हाडांच्या मधली, प्रत्येक श्वासाला आत जात होती. खोकल्याच्या वहीत त्या रात्रीसमोर शून्य लिहिलं गेलं असतं.

तर मोजून झालं की जागा तपासायच्या. बरगड्यांच्या खाली, दोन बरगड्यांच्या मधे, गळ्याच्या खळगीत कातडी आत ओढली जाते का? नाकपुड्या फुलतात का? तान्ह्या बाळाचं डोकं श्वासागणिक पुढेमागे हलतं का, श्वास सोडताना कण्हल्यासारखा आवाज येतो का? तान्ह्यांची सोपी परीक्षा म्हणजे दूध: दोन घोट घेऊन धापेने तोंड सोडत असेल तर ती भूक मेल्याची खूण नव्हे, दमल्याची आहे. बोलणाऱ्या पोरांची परीक्षा म्हणजे वाक्य. मी त्याला मित्रांची नावं एका दमात सांगायला लावते. सहा नावं सलग आली तर ठीक. दर दोन नावांनी श्वास घेतला तर नाही.

घरघर कमी झाली म्हणून सुस्कारा सोडू नका, आधी पोराकडे बघा. खेळायला उठलं, काही मागितलं, तर खरंच बरं आहे. पण घरघर थांबली आणि पोर मात्र मलूल, घामेजलेलं, अजून छातीने ओढतंय, तर ती सगळ्यात वाईट खूण आहे. हवाच आतबाहेर जात नसेल तर आवाज कुठून येणार?

ओठ किंवा जीभ निळसर-करडी दिसणं, बोलता न येणं, झोपाळल्यासारखं किंवा गोंधळल्यासारखं वागणं, श्वास मधेमधे थांबणं, निळ्या पंपाने (धापेत लगेच आराम देणाऱ्या इनहेलरने) आराम न पडणं किंवा पडलेला आराम चार तासही न टिकणं: यातलं एकही असलं तर फोन करून विचारत बसायचं नाही, थेट इस्पितळ. बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजायचं ऑक्सिमीटर घरी असेल तर ९२ टक्क्यांच्या खालचा आकडा गंभीर. पण आकडा चांगला आला म्हणून छातीकडे दुर्लक्ष नको. ऑक्सिजन उशिरा घसरतो, बरगड्या आधी बोलतात. शिवाय मोठ्यांची क्लिप इवल्याशा, गार, वळवळणाऱ्या बोटावर काहीही दाखवते.

आत काय होतं, थोडक्यात

श्वासनळ्यांना आतून सूज येते, भोवतीचे स्नायू आवळतात आणि चिकट कफ साचतो. मुलांच्या नळ्या मुळातच बारीक. नळीची त्रिज्या निम्मी झाली तर अडथळा दुप्पट होत नाही, साधारण १६ पट होतो. म्हणून सकाळी नुसतं नाक वाहणारं पोर रात्री धापा टाकत असतं, आणि आपण म्हणत राहतो की अगं, सकाळी तर बरा होता.

सगळी घरघर दम्याची नसते, हेही तितकंच खरं. पाच वर्षांखालच्या पुष्कळ मुलांना फक्त सर्दीच्या विषाणूंनी घरघर होते आणि त्यातली बरीच सहा वर्षांची होईतो त्यातून बाहेर पडतात. फुंकून करायची फुप्फुसांची तपासणी, स्पायरोमेट्री, मुलाला नीट जमते तीही साधारण पाच-सहा वर्षांपुढे, त्यामुळे त्याआधी डॉक्टर "बघू या" म्हणाले तर ते टाळाटाळ करत नाहीयेत. कुत्रा भुंकल्यासारखा खोकला आणि श्वास आत घेताना येणारा कर्कश आवाज हे क्रूपचं लक्षण, घशाच्या खालची सूज. दम्याची शिट्टी बहुतेक श्वास सोडताना वाजते. आणि ठणठणीत पोर खेळता-खाता ठसकलं आणि तेव्हापासून घरघर सुरू झाली, तर शेंगदाणा, मणी असं काही नळीत अडकलेलं असू शकतं. पंप मारत वेळ घालवू नका.

पंप: सगळ्यांना येतो आणि कुणालाच येत नाही

१९५५ साली अमेरिकेतल्या रायकर लॅबोरेटरीजचे प्रमुख जॉर्ज मेसन यांच्या तेरा वर्षांच्या दमेकरी मुलीने वडिलांना विचारलं, माझं औषध केसांच्या स्प्रेसारखं डब्यात का नाही मिळत? पुढच्याच वर्षी मोजून फवारा सोडणारा पहिला पंप बाजारात आला. सत्तर वर्षं होत आली, तरी तो चुकीचा मारणाऱ्यांत मी तीन वर्षं होते.

मुलांना पंप स्पेसर (पंप आणि तोंड यांच्यामधे लावायचं प्लास्टिकचं नळकांडं) लावूनच द्यायचा. नुसता पंप तोंडात मारला की बरंचसं औषध घशाला चिकटतं. चारेक वर्षांपर्यंत मास्कचा स्पेसर, पुढे मुलाला ओठ घट्ट मिटता आले की तोंडात धरायचा. पोराला बसवायचं, आडवं नाही. पंप हलवायचा. मास्क नाक-तोंड दोन्ही झाकून असा टेकवायचा की कडेने फट राहणार नाही. फट राहिली तर औषध खोलीला मिळतं. एक पफ, म्हणजे एक फवारा. मग सावकाश पाच-सहा श्वास, स्पेसरची झडप टकटक हलताना दिसली पाहिजे. दुसरा पफ हवा असेल तर पंप पुन्हा हलवून पुन्हा सगळं पहिल्यापासून. मी घाईत दोन्ही पफ एकदम स्पेसरमध्ये सोडायचे आणि वर "दोन दिले" असं लिहायचे. एकत्र सोडलेले फवारे एकमेकांवर आपटून आतच चिकटतात, पोराच्या वाट्याला दोन पफ येतच नाहीत.

रडणाऱ्या पोराला बळजबरीने मास्क दाबला तर औषध खोल जातं असा समज आहे. उलट आहे. हुंदक्यात ते घशापर्यंतच पोचतं. आम्ही बऱ्या दिवसांत रिकाम्या स्पेसरने खेळून घेतलं. आधी बाहुल्याला, मग मला, मग सासूबाईंना, शेवटी स्वतःला. झडपेचे आवाज तो मोठ्याने मोजायचा.

स्पेसर धुण्याचं मात्र नीट ऐका, कारण मी तो इतका चकाचक ठेवायचे की औषध वाया जायचं. धुऊन मऊ फडक्याने आतून खसाखसा पुसायचे. प्लास्टिक पुसलं की त्यावर स्थिर वीज साठते आणि फवारा फुप्फुसात जायच्या ऐवजी भिंतीला चिकटतो. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, त्यात थोडा वेळ बुडवून ठेवा, घासू नका, बाहेर काढून तसाच उभा वाळू द्या. नवा स्पेसरही पहिल्यांदा वापरण्याआधी असाच धुवायचा. पुढे साधारण महिन्यातून एकदा, किंवा डबीवर लिहिलं असेल तसं.

पंप संपला का हे बघायला पाण्यात टाकतात, तरंगला की रिकामा. आमचा एकदा अर्धवट बुडाला, म्हणून मी निर्धास्त राहिले. रात्री मारला तर नुसता वायू फुसफुसला. ही परीक्षा विसरा. औषध संपल्यावरही पंपातून वायू येत राहतो. आकडा दाखवणारा पंप मिळत असेल तर तोच घ्या, नसेल तर पफ मोजा.

इथे माझी वही पहिल्यांदा कामाला आली. निळा पंप २०० पफांचा. एक पंप दीड महिन्यात संपला, म्हणजे दिवसाला जवळजवळ साडेचार पफ. मला धक्काच बसला, कारण मी तर दोनच देत होते. चौकशी केली तेव्हा कळलं: खोकला ऐकू आला की नवराही दोन देत होता आणि दुपारी सासूबाईही दोन. प्रत्येकाला वाटत होतं, आपण क्वचितच देतो. ही वही मात्र डॉक्टरीणबाईंनी शेवटपर्यंत वाचली आणि त्याच दिवशी रोजचा पंप सुरू केला.

निळा आणि रोजचा

निळ्या पंपात सहसा सॅल्ब्युटामॉल असतं. आवळलेले स्नायू काही मिनिटांत सैल करतं, चारेक तास पुरतं. हात थरथरणं, छाती धडधडणं, पोर उगाच नाचत सुटणं हे त्याचेच परिणाम, थोड्या वेळाने जातात. पण सूज त्याने उतरत नाही. सूज उतरवतो रोजचा पंप, ज्यात कमी मात्रेचं स्टिरॉइड असतं: ब्युडेसोनाइड, फ्लुटिकासोन, बेक्लोमेटासोन. तो लगेच काही करत नाही. आठवडा-दोन आठवडे रोज नेमाने दिला तर फरक दिसायला लागतो. डब्याच्या रंगावर जाऊ नका, नाव वाचा. रंग कंपनीगणिक बदलतात.

स्टिरॉइड म्हटल्यावर आमच्या घरी जे झालं ते तुमच्याही घरी होईल. सासूबाई म्हणाल्या, "अगं, सवय लागेल पोराला. उंची खुंटेल." सवय लागत नाही. उंचीचं त्या अगदीच चुकीचं बोलत नव्हत्या. बहुतेक पहिल्या वर्षात अर्धा ते एक सेंटीमीटर उंची कमी वाढू शकते, म्हणूनच डॉक्टर कमीत कमी मात्रा शोधतात आणि दर तीनेक महिन्यांनी फेरतपासणी करतात. रात्र-रात्र न झोपणारं, शाळा बुडवणारं, वरचेवर तोंडाने स्टिरॉइड घ्यावं लागणारं पोर तरी कुठे नीट वाढतं? हे मी त्यांना दवाखान्यातच, डॉक्टरीणबाईंच्या तोंडून ऐकवलं. सुनेने सांगून पटलं नसतं.

पंप घेतल्यावर चूळ भरायला लावा, मास्क असेल तर तोंड धुवा. नाहीतर जिभेवर पांढरा बुरशीचा थर येतो. आम्ही पंप दात घासण्याला जोडून टाकला. पंप, मग ब्रश, मग चूळ.

दोन महिने छान गेले आणि मी मनानेच पंप बंद केला. बरा होता ना. पाचव्या आठवड्यात साध्या सर्दीने त्याला इस्पितळात भरती करावं लागलं. तो बरा होता तो पंपामुळेच, हे माझ्या ध्यानात आलं नाही. बंद करायचा, कमी करायचा तर डॉक्टरांना विचारून, पायरीपायरीने.

सहा वर्षांपुढच्या मुलाला आठवड्यात दोनपेक्षा जास्त दिवस निळा पंप लागतोय, रात्री छातीमुळे जाग येतेय, खेळ मधेच सोडून बसतोय, तर दमा आटोक्यात नाही. वर्षाला २०० पफांचे तीन किंवा जास्त निळे पंप संपत असतील तर मोठ्या अटॅकचा धोका वाढलेला असतो. पण नवं औषध मागण्याआधी डॉक्टरांसमोर पंप मारून दाखवा. पुष्कळदा दोष औषधाचा नसतो, हाताचा असतो.

दम्यासाठी मॉन्टेलुकास्टच्या गोळ्या दिल्या असतील तर एक लक्षात असू द्या. भयानक स्वप्नं, चिडचिड, उदासपणा यांबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये त्यावर कडक इशारा छापायला लावला. पोर अचानक वेगळं वागायला लागलं तर डॉक्टरांना सांगा.

घर, धूर, खेळ

सगळ्यात आधी धूर. सिगारेट गॅलरीत ओढली तरी कपड्यांना, केसांना चिकटून आत येते. डासांची कॉइल, चुलीचा धूर, खोलीत मारायचे सुगंधी फवारे हेही त्यातच. धुळीतले किडे उशी-गादीत असतात. चादरी-अभ्रे आठवड्याला गरम पाण्यात, ६० अंशांपर्यंत चालत असेल तर उत्तम. मऊ खेळणी पलंगावर एकच. भिंतीची ओल काढा, कारण बुरशी. केर काढताना पोर दुसऱ्या खोलीत, फरशी ओल्या फडक्याने. याच्या पलीकडे घर निर्जंतुक करायच्या नादी लागू नका. मी लागले होते, हातांची सालं निघाली आणि अटॅक तरीही सर्दीनेच आला. मुलांत बहुतेक अटॅक सर्दीनेच येतात. म्हणून हात धुणं आणि दरवर्षी फ्लूची लस. नाक सतत चोंदलेलं असेल तर नाकाचाही इलाज करून घ्या, नाक आणि छाती एकाच वाटेवर आहेत.

वाफेच्या भांड्याने दमा उतरत नाही, पोरं मात्र भाजतात. कापूर तर लहान मुलांजवळ नकोच, पोटात गेला तर झटके येतात. खोकल्याची सिरपं घरघरीवर काही करत नाहीत, आणि विषाणूच्या सर्दीला अँटिबायोटिक लागत नाही. नेब्युलायझरचं मशीन, म्हणजे औषधाचा धुक्यासारखा फवारा करणारं, हे काहीतरी जास्त जोरकस, असं मलाही वाटायचं. साध्या आणि मध्यम अटॅकमध्ये स्पेसर तितकाच चालतो, आणि त्याला वीज लागत नाही.

खेळ बंद करू नका. धावल्यावर धाप लागत असेल तर आधी दहा-पंधरा मिनिटं हळूहळू अंग गरम करून घेऊ द्या. डॉक्टरांनी सांगितलं असेल तर खेळ सुरू होण्याच्या पंधरा मिनिटं आधी निळा पंप. तरीही रोज त्रास होत असेल तर खेळ नव्हे, उपचार बदलायला हवा.

एक कागद

डॉक्टरांकडून लेखी कागद मागून घ्या. हिरवा भाग म्हणजे रोजचं औषध. पिवळा भाग म्हणजे सर्दी-खोकला, रात्री जाग, तेव्हा काय वाढवायचं. लाल भाग अटॅकचा. आमच्या कागदावर लाल भागात असं आहे: बसता ठेवा, पुढे झुकू द्या, आडवं करू नका, स्पेसरने निळ्या पंपाचा एकेक पफ, दोन पफांत अर्धा ते एक मिनिट, जास्तीत जास्त दहा, आराम नाही तर रुग्णवाहिका, आणि ती येईपर्यंत तेच पुन्हा. तुमच्या कागदावर आकडे वेगळे असतील, तेच पाळा. एक प्रत शाळेत, एक आजीकडे, एक पंपाच्या पिशवीत. शाळेतल्या बाईंना कागद नुसता देऊ नका, स्पेसर हातात देऊन एकदा करून घ्या. आणि पंप मुलाच्या हाताशी असावा. कुलपात ठेवलेला पंप किल्ली सापडेपर्यंत उपयोगाचा नाही.

आठ-नऊ वर्षांपासून हळूहळू त्याच्याकडे सोपवायला लागा, नजर मात्र आपलीच. आमच्याकडे दर रविवारी पंपांचे आकडे तो वाचतो आणि मी लिहिते. परवा मी पेन शोधत होते तेवढ्यात आतून ओरडला, "आई, निळा १४. नवा आण."